वर्गातील उपक्रमाची कुळकथा

इतिहासाच्या क्रमिक पुस्तकास नागरिकशास्त्राची चार-दोन प्रकरणे जोडावी, त्यांच्या अखेरीस 'उपक्रम' या मथळ्याखाली स्थानिक संस्थेस भेट देण्याविषयी किंवा परिसराची माहिती जमवण्याविषयी एखादे वाक्य छापावे, आणि परीक्षेच्या दृष्टीने त्यास फारसे मोल नसल्यामुळे शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी ते परस्परसंमतीने ओलांडून पुढील धड्याकडे वळावे, ही आपल्याकडील वहिवाट इतकी रूढ झाली आहे की, या बिचाऱ्या उपक्रमास काही कूळ असेल आणि त्या कुळातील एक तेजस्वी पुरुष होळकरांच्या इंदुरात नांदून गेला असेल, अशी शंकाही सहसा कोणास येत नाही.

हिंदुस्थानातील शाळांत नागरिकशास्त्र शिरले ते मुळात राजनिष्ठेचा पाठ म्हणून. मुंबई इलाख्यात मुलकी अधिकारी म्हणून वावरलेल्या विल्यम ली-वॉर्नरचे 'द सिटिझन ऑफ इंडिया' हे शालेय पुस्तक 1897 साली प्रसिद्ध झाले. खेड्यापासून साम्राज्यापर्यंतची राज्यव्यवस्था विद्यार्थ्यास समजावून द्यावी आणि तिच्याविषयी त्याच्या मनात कृतज्ञता उपजवावी, असा त्याचा रोख होता. योगायोग असा की, त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी गोरे शिपाई घराघरांत शिरत होते, आणि 22 जूनच्या रात्री गणेशखिंडीत प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. पुस्तकात सरकार प्रजेचे आरोग्य राखीत होते, पेठेतही सरकारच ते राखू पाहत होते. मात्र नागरिकाने स्वतः काही करावयाचे, ही गोष्ट दोन्ही ठिकाणी कोणाच्या ध्यानी आली नव्हती.

या कुळाच्या दुसऱ्या शाखेचा मूळपुरुष म्हणजे पॅट्रिक गेडिस. हा स्कॉटलंडचा जीवशास्त्रज्ञ, हक्स्लेचा शिष्य. परंतु कोणत्याही एका विषयाच्या कुंपणात त्याचे मन रमले नाही. एडिंबरोच्या किल्ल्यालगतचा एक मनोरा 1892 साली हाती घेऊन त्याने अशी योजना केली की, पाहणाऱ्यास प्रथम थेट माथ्यावर न्यावे, तेथील अंधाऱ्या खोलीत भिंगातून उमटलेले भोवतालच्या शहराचे हलते चित्र दाखवावे, आणि मग मजल्यामजल्याने खाली उतरताना आपले नगर, आपला देश, युरोप आणि अखेर जग, अशा क्रमाने त्यास ज्ञान व्हावे. निकटाकडून दूरस्थाकडे जाण्याचा हा क्रम आज शिक्षणशास्त्राचा प्रत्येक विद्यार्थी घोकतो. शहराची आधी पाहणी करावी, तिच्यातून निदान काढावे आणि मगच उपाययोजनेस हात घालावा, हा त्याचा दंडक होता.

1914 साली तो मद्रासच्या गव्हर्नराच्या निमंत्रणावरून हिंदुस्थानात आला. त्याचे नगरप्रदर्शनाचे सामान वाहणारे जहाज 'एम्डेन' या जर्मन युद्धनौकेने बुडवले, तरी गडी खचला नाही. पुढे तिसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या दरबाराने त्यास इंदूरची नगररचना सुचवण्यासाठी नेमले, आणि 1918 साली त्याचा दोन खंडांचा अहवाल होळकर सरकारच्या छापखान्यातून बाहेर पडला. त्यात घरांच्या सरसकट पाडापाडीस विरोध आहे, खान व सरस्वती या नद्यांच्या शुद्धीचा विचार आहे, आणि दुसऱ्या खंडात मध्य हिंदुस्थानासाठी विद्यापीठाची कल्पनाही आहे. परंतु आपल्या कथेच्या दृष्टीने खरे महत्त्व आहे ते या कामाच्या ओघात आलेल्या एका दिवाळीस.

गेडिसने पुढे सांगितलेली हकीकत अशी. हातात नकाशा घेऊन गल्लीबोळांतून हिंडणारा हा दाढीवाला वृद्ध म्हणजे प्लेग आणणारा साहेब, असे समजून लोक त्याच्यापासून बिचकत. तेव्हा त्याने दरबाराकडे एका दिवसापुरती महाराजपदाची मुखत्यारी मागितली आणि जाहीर केले की, यंदाची मिरवणूक हिंदूंच्या किंवा मुसलमानांच्या नेहमीच्या वाटेने न जाता, ज्या रस्त्यांवरील घरांची सर्वांत चांगली झाडलोट व डागडुजी झाली असेल त्या रस्त्यांनी जाईल. झाले, शहर झाडून कामास लागले. हजारो गाड्या कचरा बाहेर निघाला, उंदरांचे पिंजरे भरले. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा प्रचंड उंदीर होता, हिवतापाचे डास होते. आणि त्यांच्यामागून मंगल वाद्यांच्या गजरात शुभ्र पोशाखातील, फुलांनी नटलेले सफाई कामगार आपल्या रंगवलेल्या गाड्यांसह चालत होते. त्यांच्या डोक्यावर दरबारी अधिकाऱ्यांच्या पागोट्याच्याच रंगाचे नवे पागोटे होते. इंदूर नगरीची एक नवी देवी रथात बसवली होती, तिच्या निशाणावर शहराचा आराखडा होता; लोकांना तुळशीची रोपे वाटली गेली, आणि सायंकाळी राक्षस व उंदीर यांचे दहन झाले. वीस वर्षांपूर्वी पुण्यात बंदुकीच्या धाकाने जे साधले नाही, ते येथे निशाणाने आणि पागोट्याने साधू पाहिले गेले. जातिव्यवस्थेने ज्यांस वेशीबाहेर ठेवले, त्यांस एका रंगाच्या पागोट्याने न्याय मिळाला असे मानण्याइतके आपण भोळे नाही. पण त्या दिवशी नागरिकपणाचा धडा शिकवणारे गुरुजी तेच होते, हे विसरताही येत नाही.

(कचऱ्याशी इंदूरचे काही पूर्वजन्मीचे नाते असावे. याच शहरात 1924 ते 1931 या काळात शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्डने काडीकचरा व शेण यांपासून खत करण्याची जी रीत बसवली, ती जगात 'इंदूर पद्धत' म्हणूनच ओळखली जाते.)

गेडिसची मिरवणूक म्हणजे काही शाळेचा तास नव्हे. पण त्याच सुमारास अमेरिकेत शाळेनेही परिसरातून नागरिकपण शिकवण्याची वाट धरली होती. आर्थर डन या शिक्षकाने विद्यार्थ्याच्या वस्तीपासून सुरू होणारे नागरिकशास्त्र रचले, 1916 च्या समितीने त्यास माध्यमिक शाळेच्या सामाजिक शास्त्रांत स्थान दिले, आणि 1918 साली शिक्षणतज्ज्ञ किलपॅट्रिकने प्रकल्पपद्धतीवरचा आपला गाजलेला निबंध लिहिला. आपल्याकडे 1937 साली वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेतून झाकीर हुसेन समितीची योजना निघाली, तिने इतिहास, भूगोल व नागरिकशास्त्र एकत्र बांधले. 1952-53 च्या मुदलियार आयोगानेही कृतीतून शिक्षणाचा आग्रह धरला.

मग वाट कोठे चुकली? माझ्या मते, विद्यापीठातच. मुंबई विद्यापीठाने 1919 साली समाजशास्त्र व नागरिकशास्त्र असा एकत्र विभाग काढून गेडिसला पहिला प्राध्यापक नेमले. 1924 नंतर समाजशास्त्रज्ञ डॉ. घुर्ये यांनी तो सांभाळला आणि जाती, कुलसंस्था, संस्कृती यांच्या अभ्यासात थोर कामगिरी केली, पण शहरातून पायी हिंडणारे नागरिकशास्त्र मागे पडले. शाळांपर्यंत पोहोचले ते पुन्हा ली-वॉर्नरचेच कूळ; फक्त साम्राज्याच्या जागी प्रजासत्ताक आले, आणि कलमे पाठ करण्याची रीत तशीच राहिली. महाराष्ट्रात नववी-दहावीच्या पुस्तकावर आज 'इतिहास व राज्यशास्त्र' असे नाव आहे, आणि उपक्रम अजूनही धड्याच्या शेपटाशीच आहे.

2017 पासून देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात इंदूर वर्षामागून वर्षे अग्रस्थानी राहिले, त्याचे श्रेय नगर निगमाचे, तेथील सफाई कामगारांचे व रहिवाशांचे. गेडिसच्या मिरवणुकीशी त्याचा धागा जोडणे ही इतिहासाशी लबाडी होईल. परंतु इंदूरच्या इतिहासशिक्षकांस एक विनंती करता येते. ज्यांच्या नावाच्या बसस्थानकावरून मुले रोज जातात, ते तात्या सरवटे घटना समितीचे सभासद होते, येथून धडा सुरू करावा. नववीचा वर्ग कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी खान नदीच्या काठी न्यावा, गेडिसच्या अहवालातील नद्यांविषयीचा मजकूर तेथे वाचावा, मुलांनी जे डोळ्यांनी पाहिले ते त्यांच्याकडून लिहवून घ्यावे, आणि तो कागद नगर निगमाच्या कार्यालयात रीतसर दाखल करून त्याची पोच घ्यावी.