सुट्टीनंतरची आवराआवर आणि फ्लेमिंगची प्लेट

दिवाळीची सुट्टी संपली की विद्यापीठातल्या बहुतेक लॅबमध्ये एक ठरलेला कार्यक्रम असतो. घरून आणलेले चकली-चिवड्याचे डबे चहाच्या टेबलावर येतात आणि त्याच आठवड्यात आवराआवर निघते. घरी साफसफाई दिवाळीच्या आधी होते, लॅबमध्ये दिवाळीनंतर! फ्रीजमधल्या नाव नसलेल्या ट्यूब, "आल्यावर बघू" म्हणून ठेवलेल्या प्लेट, तळाशी थोडंसं उरलेल्या बाटल्या, सगळं बाहेर निघतं. आणि मग कुणीतरी हमखास म्हणतं, "टाकू नका रे, फ्लेमिंगला अशाच प्लेटमध्ये पेनिसिलीन सापडलं होतं."

हे वाक्य अर्धं विनोदानं आणि अर्धं आळस झाकायला म्हटलं जातं. पण संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी ही गोष्ट एकदा नीट तपासून बघावी असं मला वाटतं. विज्ञानाच्या इतिहासात सुट्टीनंतरच्या आवराआवरीचं याहून प्रसिद्ध उदाहरण नाही. शिवाय त्यातून आपण सहसा जो धडा घेतो (पसारा असला की शोध लागतात) तो पुराव्यांत कुठेच दिसत नाही.

आधी सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट थोडक्यात. अलेक्झांडर फ्लेमिंग लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये जिवाणूंवर काम करत होते. १९२८ च्या उन्हाळ्यात ते कुटुंबाबरोबर सुट्टीला गेले. जाताना स्टॅफिलोकॉकसच्या प्लेट टेबलाच्या एका बाजूला रचून ठेवल्या. सप्टेंबरच्या सुरुवातीला परत आले (परंपरेनं ३ सप्टेंबर ही तारीख सांगतात) आणि प्लेट आवरायला घेतल्या. तपासलेल्या प्लेट लायसॉल या जंतुनाशकाच्या ट्रेमध्ये टाकत होते. इतक्यात त्यांचे आधीचे सहकारी मर्लिन प्राइस भेटायला आले. त्यांना काम दाखवण्यासाठी फ्लेमिंगनी ट्रेच्या वरच्या थरातली, लायसॉलमध्ये न बुडालेली एक प्लेट उचलली. तिच्यात एका कडेला बुरशी वाढली होती आणि बुरशीच्या आजूबाजूच्या जिवाणूंच्या वसाहती विरघळल्यासारख्या पारदर्शक झाल्या होत्या.

आता संशोधक म्हणून पहिला प्रश्न विचारायचा: ही गोष्ट आपल्याला कळली कुठून?

मूळ पेपर काय सांगतो

फ्लेमिंगचा पेपर १९२९ साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ एक्स्पेरिमेंटल पॅथॉलॉजी'मध्ये आला. तो उघडून बघा. सुरुवातीलाच त्या प्लेटचा उल्लेख आहे, फोटोही आहे. पण सुट्टी? प्राइस? लायसॉलचा ट्रे? काही नाही. स्टॅफिलोकॉकसच्या काही प्लेट टेबलावर बाजूला ठेवल्या होत्या, त्या अधूनमधून उघडून बघितल्या जात होत्या, त्यामुळे हवेतून त्यांत इतर जीव शिरले, एवढंच तिथे लिहिलंय. सुट्टी आणि आवराआवर हा भाग आपल्याकडे आला तो सहकाऱ्यांच्या आठवणींतून, आणि फ्लेमिंग गेल्यानंतर १९५९ मध्ये आलेल्या आंद्रे मोर्वा यांच्या चरित्रासारख्या पुस्तकांतून. म्हणजे घटनेनंतर कित्येक वर्षांनी.

याचा अर्थ गोष्ट खोटी आहे असा नाही. पेपरमध्ये आपणही कुठे लिहितो की "मी दिवाळीला घरी गेलो होतो म्हणून इनक्युबेशन १५ दिवसांचं झालं"? पण समकालीन नोंद आणि नंतर सांगितलेली आठवण यांचं वजन सारखं नसतं. लिटरेचर रिव्ह्यू करताना हा फरक कायम लक्षात ठेवावा लागतो.

नोंदवहीचं काय? फ्लेमिंगच्या लॅब नोटबुक आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यांत या विषयाची पहिली नोंद ३० ऑक्टोबर १९२८ ची आहे, आणि तीही मूळ प्लेटची नाही, नंतर मुद्दाम केलेल्या प्रयोगाची. मधले जवळजवळ आठ आठवडे कोरे. जगातल्या सगळ्यात गाजलेल्या प्लेटबद्दल त्या दिवशीची एक ओळही हाताशी नाही. पुढे अनेक दशकं जो वाद झाला, त्याचं मूळ बरंचसं या रिकाम्या जागेत आहे.

प्लेट बाहेर का ठेवल्या होत्या?

स्टॅफिलोकॉकससाठी प्लेट साधारणपणे ३७ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये ठेवतात. या प्लेट टेबलावर कशा राहिल्या? "फ्लेमिंग अव्यवस्थित होते" हे सोपं उत्तर. पण त्या काळात ते मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या एका मोठ्या ग्रंथासाठी स्टॅफिलोकॉकसवर प्रकरण लिहीत होते. डब्लिनच्या बिगर आणि सहकाऱ्यांनी १९२७ मध्ये दाखवलं होतं की प्लेट खोलीच्या तापमानाला काही दिवस ठेवल्या की या जिवाणूच्या वसाहतींचे रंग-रूप बदलतात. फ्लेमिंगना तेच तपासायचं होतं. थोडक्यात, प्लेट दिवसच्या दिवस बाहेर राहणं हा त्यांच्या कामाचाच भाग होता.

त्यांचे एक सहकारी व्ही. डी. अ‍ॅलिसन यांची आठवण इथे उपयोगी आहे. अ‍ॅलिसन रोज संध्याकाळी टेबल साफ करून जायचे आणि फ्लेमिंग त्यावरून त्यांची चेष्टा करायचे. स्वतः फ्लेमिंग मात्र कल्चर दोन-तीन आठवडे तशीच ठेवायचे. टेबलावर जागा उरली नाही की सगळी टाकून द्यायची वेळ यायची. पण टाकण्याआधी ते प्रत्येक कल्चर एकेक करून बघायचे, काही वेगळं दिसतंय का म्हणून.

आपण या आठवणीचा पहिला भाग सांगतो आणि दुसरा विसरतो. आठवडेच्या आठवडे पसारा ठेवणारे लोक प्रत्येक लॅबमध्ये असतात. टाकताना एकेक प्लेट उघडून बघणारे किती असतात? फ्लेमिंगनी याआधी १९२१-२२ मध्ये लायसोझाइम शोधलं होतं. जिवाणू विरघळवणारा पदार्थ प्लेटवर कसा दिसतो हे त्यांच्या डोळ्यांना आधीच माहीत होतं. १९२८ ची ती प्लेट तेव्हा आणखीही काही जणांनी पाहिली. त्याच विभागातले रोनाल्ड हेअर हे त्यांपैकी एक. त्यांना तिच्यात विशेष काही वाटलं नव्हतं.

हेअरचा प्रयोग

या हेअरनीच पुढे या गोष्टीची सगळ्यात कसून तपासणी केली. त्यांचं 'द बर्थ ऑफ पेनिसिलीन' हे पुस्तक १९७० मध्ये आलं. त्यांची अडचण साधी होती: फ्लेमिंगच्या प्लेटसारखी प्लेट पुन्हा बनतच नव्हती. आधी जिवाणू वाढवले आणि मग त्यावर बुरशी टाकली की काहीच होत नाही.

कारण आज आपल्याला माहीत आहे. पेनिसिलीन जिवाणूची पेशीभित्तिका तयार होण्याची क्रिया अडवतं, म्हणजे ते वाढत असलेल्या पेशींवर काम करतं. वाढून पूर्ण झालेल्या वसाहतीला ते विरघळवू शकत नाही. त्यामुळे क्रम उलटा हवा. बुरशी आधी, जिवाणू नंतर. पण ३७ अंशांना जिवाणू एका रात्रीत वाढतात आणि बुरशीला दिवस लागतात. मग बुरशी पुढे गेली कशी?

हेअरनी हवामान खात्याच्या जुन्या नोंदी काढल्या. जुलैच्या अखेरीस आणि ऑगस्टच्या सुरुवातीला लंडनमध्ये काही दिवस थंडी पडली होती, त्यानंतर ऊन वाढलं. थंड दिवसांत बुरशी सावकाश वाढली आणि पेनिसिलीन आजूबाजूला पसरलं. मग ऊब आल्यावर जिवाणू वाढू लागले, आणि बुरशीजवळचे वाढता वाढताच फुटले. असा क्रम ठेवून प्रयोग केला की फ्लेमिंगसारखी प्लेट मिळते. मात्र यासाठी ती प्लेट इनक्युबेटरमध्ये गेलेलीच नव्हती असं मानावं लागतं.

हे स्पष्टीकरण सगळ्यांना पटलेलं नाही. रॉबर्ट रूट-बर्नस्टाइन यांचं म्हणणं असं की फ्लेमिंग लायसोझाइमसारख्या पदार्थांचा जाणूनबुजून शोध घेत होते आणि निव्वळ योगायोगाची गोष्ट नंतर रचली गेली. वाद मिटत नाही, कारण तो मिटवू शकणारी नोंद केलेलीच नाही. पण हेअरची पद्धत बघण्यासारखी आहे. ऐतिहासिक दाव्याची तपासणी त्यांनी लॅबमधल्या प्रयोगानं आणि तापमानाच्या नोंदींनी केली. "इतिहास म्हणजे नुसत्या गोष्टी" असं म्हणणाऱ्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना हे पुस्तक जरूर दाखवा.

बुरशी आली कुठून?

लोकप्रिय गोष्टीत बुरशीचा बीजाणू उघड्या खिडकीतून, रस्त्यावरून उडत येतो. हेअरच्या मते ते अवघड होतं, ती खिडकी सहसा उघडली जात नसे. जास्त शक्यता वेगळीच आहे. फ्लेमिंगच्या खालच्या मजल्यावर ला टूश नावाचे बुरशीतज्ज्ञ काम करत होते. दमेकऱ्यांच्या घरांतल्या बुरश्या गोळा करून वाढवणं हे त्यांचं काम, कारण घरातली बुरशी आणि दमा यांचा संबंध तेव्हा तपासला जात होता. म्हणजे पेनिसिलीनची बुरशी बहुधा कुणाच्या तरी ओल आलेल्या घरातून, खालच्या मजल्यावरून जिन्यानं वर आली!

याच ला टूश यांनी बुरशीचं नाव 'पेनिसिलियम रुब्रम' असं सांगितलं आणि १९२९ च्या पेपरमध्ये तेच छापलं गेलं. पुढे अमेरिकेतल्या चार्ल्स थॉम यांनी ती 'पेनिसिलियम नोटाटम' असल्याचं सांगितलं. आणि २०११ मध्ये डीएनएच्या आधारे ती 'पेनिसिलियम रुबेन्स' ठरली. ८० वर्षांनी नाव दुरुस्त करता आलं, कारण मूळ कल्चर जपलेलं होतं.

जपलं गेलं म्हणून पुढे गेलं

माझ्या मते या इतिहासाचा खरा गाभा इथे आहे. फ्लेमिंगनी ती प्लेट फॉर्मलिनच्या वाफेवर धरून टिकवली, फोटो काढला, बुरशी वेगळी करून वाढवत ठेवली आणि मागणाऱ्या लॅबना तिचे नमुने दिले. औषध म्हणून पेनिसिलीनचा फारसा पाठपुरावा त्यांनी केला नाही. पेपरच्या शीर्षकातसुद्धा ते इन्फ्लुएन्झाचा म्हणून ओळखला जाणारा जिवाणू वेगळा करण्याचं साधन म्हणूनच येतं.

त्यांतला एक नमुना ऑक्सफर्डच्या डन स्कूलमध्ये गेला. तिथले प्रमुख जॉर्जेस ड्रेयर यांना तो वेगळ्याच कामासाठी हवा होता. ते काम पुढे गेलं नाही आणि १९३४ मध्ये ड्रेयर वारले. अशा वेळी आपल्या लॅबमध्ये काय होतं ते आठवा: जुन्या प्रोजेक्टच्या स्लॅन्ट पहिल्या आवराआवरीत ऑटोक्लेव्हमध्ये जातात. ऑक्सफर्डला मात्र मिस कॅम्पबेल-रेंटन यांनी ते कल्चर वर्षानुवर्षं जिवंत ठेवलं. १९३८ मध्ये अर्न्स्ट चेन जुने पेपर वाचत होते. त्यात फ्लेमिंगचा पेपर सापडला, आणि मग कळलं की ती बुरशी आपल्याच इमारतीत आहे.

पुढचं माहीत आहे. २५ मे १९४० ला फ्लोरी यांच्या गटानं आठ उंदरांना घातक जिवाणू टोचले, चौघांना पेनिसिलीन दिलं. सकाळपर्यंत पेनिसिलीन न मिळालेले चारही मेले होते. १९४५ चं नोबेल फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना मिळालं. पेनिसिलीन गाळून काढायच्या युक्त्या शोधणाऱ्या नॉर्मन हीटली यांचं नाव त्यात नाही, आणि कल्चर सांभाळणाऱ्या बाईंचं नाव तर बहुतेक पुस्तकांतही नाही. १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला आणि १९५५ मध्ये तिथे पेनिसिलीन बनू लागलं. ही साखळी त्या सांभाळलेल्या बुरशीपर्यंत मागे जाते.

मग आवरायचं कसं?

आवरायचंच. नाव नसलेली ट्यूब दहा वर्षं ठेवली तरी तिच्यातून शोध निघत नाही, कारण ती कशाची आहे हेच कुणाला माहीत नसतं. पण या इतिहासातून तीन सवयी उचलता येतात.

एक, टाकण्याआधी प्रत्येक प्लेट उघडून नाही, तर निदान उजेडात धरून बघा. कंटॅमिनेशन असेल तर "खराब झाली" एवढं न म्हणता काय वाढलंय, कुठे आणि त्याच्या आजूबाजूला काय दिसतंय ते बघा.

दोन, वेगळं काही दिसलं तर त्याच दिवशी तारखेसकट लिहा आणि फोटो काढा. मोबाइल खिशातच असतो. पुढे काही निघालं नाही तर एक पान वाया जाईल, एवढंच.

तीन, कुणी लॅब सोडून गेलं असेल तर त्यांची कल्चर टाकण्याआधी त्यांना किंवा गाइडना विचारा, आणि जी ठेवायची त्यांवर नाव, तारीख आणि मूळ स्रोत लिहा. सबकल्चर करत राहणं हे कंटाळवाणं काम आहे, सीव्हीत त्याची ओळ होत नाही. पण ऑक्सफर्डमध्ये ते काम कुणी केलं नसतं, तर १९३८ मध्ये चेनना आपल्याच इमारतीत ती बुरशी मिळाली नसती.