डॉलरवरचा डोळा आणि हरवलेली कोनशिला

अमेरिकेच्या एका डॉलरच्या नोटेची पाठ समोर ठेवावी. डाव्या वर्तुळात पिरॅमिड आहे, त्यावर अधांतरी डोळा. या वर्तुळावर सहा कोनांची चांदणी काढली, की वरचे टोक डोळ्यावर येते आणि उरलेली पाच टोके कडेच्या लॅटिन अक्षरांवर टेकतात: एम, ए, एस, ओ, एन. मेसन! हा खेळ डॅन ब्राउनच्या 2009 सालच्या ‘द लॉस्ट सिम्बॉल’मध्ये आहे. या देशाचे संस्थापक फ्रीमेसन, म्हणजे गवंड्यांची अवजारे चिन्ह म्हणून मिरवणाऱ्या बंधुसंघाचे सदस्य, होते आणि त्यांनी आपली खूण सर्वांच्या डोळ्यांदेखत लपवली, हे गृहीतक 2004 च्या ‘नॅशनल ट्रेझर’ चित्रपटातही आहे. वाचताना, पाहताना मजा येते, नाही असे नाही. पण इतिहासकार राजवाड्यांनी बखर आणि अस्सल कागद यांतला फरक ओळखायला शिकवले आहे. थ्रिलर ही बखरच. कागद काय म्हणतात ते पाहू.

पहिला कागद 4 जुलै 1776 चा. स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला त्याच दिवशी काँग्रेसने ठराव केला, की नव्या राष्ट्राची मुद्रा तयार करण्यासाठी फ्रँकलिन, अॅडम्स आणि जेफरसन यांची समिती असावी. मुद्रा नाही तर राज्य कसले, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. तिघांनी मदतीला पिएर द्यु सिमितिएर नावाचा, जिनिव्हाहून फिलाडेल्फियात आलेला चित्रकार घेतला. या चौघांत फ्रीमेसन म्हणून पक्की नोंद सापडते ती एकट्या फ्रँकलिनची. तो 1731 मध्ये मेसन झाला आणि 1734 मध्ये त्याने मेसनांची घटना आपल्याच छापखान्यात छापली. म्हणजे गुप्त खूण घुसवायची असती तर हाच माणूस. मग त्याने सुचवले काय? अॅडम्सने 14 ऑगस्टला पत्नी अॅबिगेलला लिहिलेल्या पत्रात ते आले आहे: काठी उगारून समुद्र दुभंगणारा मोझेस आणि पाण्यात बुडणारा फॅरो. जेफरसनला रानातून चाललेले इस्रायली आणि पुढे अग्निस्तंभ हवा होता. अॅडम्सने स्वतः हर्क्युलिस निवडला. बायबल आणि ग्रीक पुराणे. गवंड्याचा गुण्या नाही, कंपास नाही.

डोळा आणला तो द्यु सिमितिएरने. त्याचे रेखाटन जेफरसनच्या कागदपत्रांत टिकून आहे. युरोपातल्या देशांची चिन्हे असलेली ढाल, दोन्ही बाजूंना आकृत्या आणि वर त्रिकोणात डोळा. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशा दोन्ही चर्चांत ईश्वराच्या नजरेचे प्रतीक म्हणून हा डोळा शतकभर तरी रुळलेला होता. अमेरिकी मेसनांच्या छापील वाङ्मयात तो ठळकपणे दिसतो तो थॉमस स्मिथ वेबच्या 1797 च्या पुस्तकात, म्हणजे मुद्रेवर बसल्यानंतर पंधरा वर्षांनी. 20 ऑगस्टला समितीचा अहवाल आला आणि काँग्रेसने तो बाजूला ठेवला. लढाई चालू असताना मुद्रेच्या नक्षीवर वाद घालायला कोणाला वेळ होता?

पिरॅमिडचा रस्ता वेगळाच आहे, आणि माझ्या मते जास्त रंजक. तो आला चलनी नोटेवरून. 1778 मध्ये काढलेल्या पन्नास डॉलरच्या नोटेवर तेरा पायऱ्यांचा, शेंडा नसलेला पिरॅमिड होता आणि वर ‘शाश्वत’ अशा अर्थाचा लॅटिन शब्द. युद्धात झपाट्याने मातीमोल होत चाललेल्या नोटेवर ‘शाश्वत’ लिहिणाऱ्याची कमाल वाटते. तो फ्रान्सिस हॉपकिन्सन. 1780 मध्ये नेमलेल्या दुसऱ्या समितीनेही त्याचीच मदत घेतली. त्याच वर्षाच्या मे महिन्यातले त्याचे पत्र उपलब्ध आहे. ध्वज, मुद्रा, नोटा अशी बरीच चित्रे सरकारसाठी काढून दिली, त्याबद्दल सरकारी दारूचे एक छोटे पिंप मिळाले तर हरकत नाही, असा त्याचा मजकूर. ते मिळाले नाही. हे काम एकट्याचे नव्हते, असे कारण पुढे केले गेले. जगावर राज्य करणाऱ्या गुप्त मंडळाच्या कारागिराला दारूच्या पिंपासाठी अर्ज करावा लागतो, हे दृश्य कोणा थ्रिलरकाराला सुचले नाही याचे मला वाईट वाटते.

दुसरी समितीही फळली नाही. 1782 च्या मे महिन्यात तिसरी आली, आणि तिने काम विल्यम बार्टन या तरुण वकिलाकडे सोपवले. मुद्रेच्या पाठीसाठी बार्टनने तेरा थरांचा पिरॅमिड आणि त्यावर डोळा अशी जोडी पहिल्यांदा जमवली. पिरॅमिडसोबत ‘शाश्वत’ हा हॉपकिन्सनचा शब्दही आला. त्यामुळे नोटेवरून मुद्रेवर झालेला हा प्रवास तर्काने नव्हे, शब्दाने सिद्ध होतो. 13 जूनला सगळे कागद काँग्रेसचा सचिव चार्ल्स थॉमसन याच्याकडे गेले. त्याने पुढच्या बाजूला गरुड बसवला. पाठीमागचा पिरॅमिड आणि डोळा ठेवला, पण बोधवाक्ये बदलून व्हर्जिलवर बेतलेली दोन नवी घातली. 20 जूनला मंजुरी मिळाली. सोबतच्या स्पष्टीकरणात अर्थही सांगितला आहे: पिरॅमिड म्हणजे बळ आणि टिकाऊपणा, डोळा म्हणजे अमेरिकेच्या बाजूने झालेला ईश्वरी हस्तक्षेप, पायथ्याचे रोमन आकडे म्हणजे 1776. हे स्पष्टीकरण काँग्रेसच्या दप्तरात आहे.

आता चांदणीकडे परत या. थॉमसनने पाठीच्या बाजूचे चित्र काढलेच नाही. त्याने शब्दांत वर्णन दिले. कोणते अक्षर वर्तुळाच्या कोणत्या जागी पडेल, हे पुढच्या कारागिरांनी आपापल्या हाताने ठरवले. जेम्स ट्रेंचर्डने 1786 मध्ये मासिकासाठी केलेला ठसा हा त्यातला पहिला छापील. गंमत म्हणजे पाठच्या बाजूचा शिक्का सरकारने आजवर कोरलेलाच नाही. दीडशे वर्षे हा डोळा जवळपास कोणी पाहिलाही नव्हता.

तो नोटेवर आला 1935 मध्ये, आणि इथे थ्रिलरवाल्यांना थोडे श्रेय द्यावे लागते. कृषिमंत्री हेन्री वॅलेस आणि राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट, दोघेही फ्रीमेसन. मुद्रेच्या इतिहासाची सरकारी पुस्तिका चाळताना वॅलेस यांना पाठीवरच्या लॅटिन ओळीत ‘न्यू डील’ या रूझवेल्ट सरकारच्या कार्यक्रमाचा प्रतिध्वनी ऐकू आला. ती रूझवेल्टना दाखवली, तेव्हा त्यांची नजर आधी डोळ्यावर गेली आणि त्यांना त्यात मेसनांचा ‘विश्वाचा महान शिल्पी’ दिसला, असे वॅलेस यांनी बऱ्याच वर्षांनी पत्रातून सांगितले आहे. उत्तरकालीन आठवण म्हणूनच तिचे वजन करावे. पण नोटेचा मंजुरीचा नमुना समकालीन आहे. त्यावर रूझवेल्ट यांच्या हातची दुरुस्ती आहे: गरुड उजवीकडे, पिरॅमिड डावीकडे. म्हणजे मेसनी अर्थ चिकटला तो संस्थापकांच्या काळात नव्हे, त्यांच्यानंतर दीडशे वर्षांनी.

मग जॉर्ज वॉशिंग्टन? तो खराच मेसन होता. 4 नोव्हेंबर 1752 रोजी, वयाच्या विशीत, फ्रेडरिक्सबर्गच्या लॉजमध्ये त्याला दीक्षा मिळाली. (हे लॉज म्हणजे मेसनांची सभा. एसटी स्टँडसमोरचे नव्हे.) आणि 18 सप्टेंबर 1793 रोजी त्याने कॅपिटॉलची, म्हणजे संसदभवनाची, कोनशिला बसवली ती मेसनी विधीने. यात लपवाछपवी शून्य. वाजतगाजत मिरवणूक निघाली, तोफा झडल्या. अध्यक्ष पायाच्या चरात उतरला, चांदीचा पत्रा शिलेवर ठेवला, आणि धान्य, द्राक्षासव व तेल वाहिले गेले. पत्र्यावर इसवी सनाबरोबर मेसनी वर्ष 5793 कोरले होते. हे सारे आपल्याला कळते ते 25 सप्टेंबरच्या अलेक्झांड्रियाच्या वर्तमानपत्रातून, पत्र्यावरच्या पूर्ण मजकुरासह. समारंभानंतर पाचशे पौंडांचा बैल भाजून लोकांना जेवण घातले, हेही त्यातच.

बरोबर पाच वर्षांनी, 25 सप्टेंबर 1798 रोजी, वॉशिंग्टनने स्नायडर नावाच्या पाद्र्याला उत्तर लिहिले. इल्युमिनाटी या गुप्त संघटनेच्या कटाबद्दल त्याला सावध करू पाहणाऱ्या या गृहस्थाला तो कळवतो, की आपण कोणत्याही लॉजचे प्रमुख नाही आणि गेल्या तीस वर्षांत एकदोनदाच लॉजमध्ये गेलो असू. 1793 चा विधी मग कुठे गेला? शब्द नीट वाचावेत: विधी उघड्या मैदानात होता, लॉजच्या आत नव्हे. तरी 1788 मध्ये अलेक्झांड्रियाच्या लॉजच्या सनदेत प्रमुख म्हणून याच माणसाचे नाव घातलेले आहे. अस्सल कागदातही म्हाताऱ्या माणसाची सोयीस्कर विस्मृती असू शकते. दोन कागदांची तारीख एकच निघावी, यावर एखाद्या कादंबरीकाराने दोन प्रकरणे रचली असती. मला तो योगायोग वाटतो.

खरे कोडे दुसरेच आहे. ती कोनशिला सापडत नाही. वृत्तांतात ‘आग्नेय कोपरा’ असे लिहिले आहे (वास्तुशास्त्राच्या भक्तांनी हुरळून जाऊ नये), पण आग्नेय कोपरा कशाचा, पहिल्यांदा बांधलेल्या उत्तरेकडच्या भागाचा की संपूर्ण इमारतीचा? दक्षिणेकडचा पाया इतका कच्चा निघाला, की 1803 नंतर वास्तुकार लॅट्रोबने सदोष काम उखडून पुन्हा बांधले. 1814 मध्ये ब्रिटिशांनी इमारत जाळली, पुढे विस्तार होत राहिले. 1990 च्या दशकात धातुशोधक यंत्रे लावूनही चांदीचा पत्रा हाती आला नाही. वॉशिंग्टनने वापरलेली थापी अलेक्झांड्रियाच्या लॉजने जपून ठेवली आहे. पत्र्यावर काय लिहिले होते ते अक्षरशः माहीत आहे, जेवणातला बैल किती वजनाचा होता तेही. फक्त दगड कुठे आहे ते कोणालाच सांगता येत नाही.