अठरा गुणांचे भाकीत

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दरवर्षी सप्टेंबर उजाडला की अमेरिकेत व्यावसायिक फुटबॉलचा हंगाम सुरू होतो. हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. यातला चेंडू अंडाकृती असतो, तो बहुतेक वेळा हातात घेऊन पळायचे किंवा पुढे फेकायचे असते. प्रतिस्पर्ध्याला मागे रेटत मैदान जिंकायचे, असा हा धसमुसळा खेळ. पण मैदानावर चेंडू येण्याआधीच तिथे दुसरा खेळ रंगतो, तो भाकितांचा. कोणता संघ किती सामने जिंकेल, कोण कोणाला लोळवेल, याचे आडाखे सगळेच बांधतात. श्रोतेहो, अशाच एका आडाख्याची हकीकत आज मी सांगणार आहे.

अमेरिकेतली मुख्य संघटना म्हणजे नॅशनल फुटबॉल लीग. तिची स्थापना १९२० सालची. टेक्सासमधल्या एका तेलसम्राटाच्या मुलाला, लामार हंटला, या लीगमध्ये संघ हवा होता. तो मिळेना, तेव्हा त्याने इतर काही धनिकांना गोळा केले आणि १९६० साली अमेरिकन फुटबॉल लीग ही नवी लीग मैदानात उतरवली. मग खेळाडूंच्या पळवापळवीला ऊत आला. १९६५ साली नव्या लीगच्या न्यू यॉर्क जेट्स संघाने जो नेमथ नावाच्या तरुणाला ४ लाख २७ हजार डॉलरचा करार दिला, तेव्हा सगळ्यांचे डोळे विस्फारले. नेमथ क्वार्टरबॅक होता, म्हणजे चेंडू फेकून संघाचा डाव चालवणारा खेळाडू.

ही चढाओढ दोघांनाही परवडेना. जून १९६६ मध्ये विलीनीकरणाचा समझोता झाला. १९७० पासून दोन्ही लीग एक होणार होत्या, आणि तोवर दोघींच्या विजेत्यांनी दर जानेवारीत एकमेकांशी खेळायचे होते. हाच तो सुपर बोल. पहिले दोन्ही सामने जुन्या लीगच्या ग्रीन बे पॅकर्सने सहज जिंकले, एक ३५-१० असा आणि दुसरा ३३-१४ असा. नवी लीग म्हणजे दुय्यम माल, हे मत मग पक्के झाले.

तिसऱ्या सामन्यात जेट्ससमोर होता बाल्टिमोर कोल्ट्स. साखळीतल्या १४ सामन्यांपैकी १३ त्यांनी जिंकले होते. हरले ते फक्त क्लीव्हलँडकडून, आणि लीगच्या अंतिम सामन्यात त्याच क्लीव्हलँडला त्यांनी ३४-० अशी धूळ चारली होती. बाल्टिमोर सुमारे १८ गुणांनी जिंकेल, असा सट्टेबाजांचा हिशेब होता. मोठमोठे क्रीडालेखकही तेच म्हणत होते. सामन्याच्या तीन दिवस आधी मायामीतल्या एका समारंभात नेमथ म्हणाला, रविवारी आम्ही जिंकणार, मी हमी देतो. लोकांनी त्याला बढाईखोर ठरवले.

१२ जानेवारी १९६९ रोजी मायामीत जेट्सने १६-७ असा विजय मिळवला. चौथ्या सत्रात गुणफलक १६-० असा होता. बाल्टिमोरचे सातही गुण अगदी शेवटी आले.

इतके जाणकार एकाच वेळी कसे चुकले? माझ्या मते त्यांनी संघ मोजला नाही, संघावरची पाटी मोजली. ग्रीन बेने नव्या लीगच्या दोन वेगळ्याच संघांना हरवले होते. ती पराभवाची बाकी त्यांनी जेट्सच्या नावावर टाकली. वास्तविक जेट्सचा प्रशिक्षक वीब यूबँक हा बाल्टिमोरचाच जुना प्रशिक्षक. १९५८ आणि १९५९ साली त्याने त्यांना विजेतेपद मिळवून दिले होते, आणि पुढे त्यांनीच त्याला काढून टाकले होते. विन्स्टन हिल या धिप्पाड खेळाडूलाही बाल्टिमोरने एकेकाळी नापसंत केले होते. त्या दिवशी त्यानेच वाट मोकळी करून दिली आणि मॅट स्नेल चेंडू घेऊन १२१ यार्ड धावला. जेट्सचा वेगवान डॉन मेनार्ड जायबंदी होता. सुरुवातीलाच नेमथने त्याच्याकडे एक लांब चेंडू फेकला. तो हाती लागला नाही, पण बाल्टिमोरचा बचाव त्याच्याकडे ओढला गेला आणि दुसऱ्या बाजूला जॉर्ज सॉवरला मोकळे रान मिळाले. अठराच्या आकड्यात यातले काहीही नव्हते.

मात्र उलट बाजूने आपलीही फसगत होऊ शकते. नेमथची हमी खरी ठरली म्हणून ती इतिहासात राहिली. अशा किती गर्जना हवेत विरल्या असतील, त्यांची नोंद कोण ठेवतो? बाल्टिमोरने त्या दिवशी चार वेळा चेंडू थेट जेट्सच्या हाती दिला. त्यातला एखादा चेंडू इकडचा तिकडे झाला असता, तर नेमथ आज केवळ चेष्टेचा विषय असता. एका सामन्यात निकाल लागणाऱ्या खेळात नशिबालाही एक खुर्ची द्यावी लागते.

त्या निकालाने एक मात्र घडले. पुढच्या जानेवारीत नव्या लीगच्या कॅन्सस सिटी चीफ्सनेही मिनेसोटाला २३-७ असे हरवले, आणि १९७० साली दोन्ही लीग एक झाल्या त्या बरोबरीच्या मानाने. जुन्या लीगचे तीन संघ नव्यांच्या गटात गेले. त्यांत बाल्टिमोरही होता, आणि तो नेमका जेट्सच्याच विभागात आला! म्हणजे ज्यांना दुय्यम म्हटले, त्यांच्याशी आता दरवर्षी दोनदा गाठ.

पुढची गंमत तर त्या वेळच्या एकाही ज्योतिषाला सुचली नसती. हरलेल्या बाल्टिमोरने दोनच वर्षांनी, जानेवारी १९७१ मध्ये, सुपर बोल जिंकला. आणि जिंकलेल्या जेट्सला? त्यानंतर अर्धशतक उलटून गेले, तरी ते पुन्हा एकदाही अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले नाहीत.

म्हणून श्रोतेहो, हंगामाच्या तोंडावरची भाकिते जरूर वाचावीत, त्यात मौज आहे. फक्त तो आकडा समोरच्या संघाचा आहे की त्याच्या पाटीचा, एवढे विचारून मग वाचावीत.