साथीचें इस्पितळ आणि त्याचें दार

महामारीचा इतिहास आपल्याकडे बहुधा दोन प्रकारांनीं लिहिला जातो. एक प्रकार मेलेल्यांच्या आंकड्यांचा. दुसरा, सरकारनें काढलेल्या हुकुमांचा आणि त्यांवरून उठलेल्या वादळांचा. या दोहोंच्या मध्यें जी वास्तु उभी असते, जिच्यांत रोगी जातो आणि बरा होऊन किंवा न होतां बाहेर येतो, त्या इस्पितळाचा इतिहास मात्र क्वचितच कोणी सांगतो. करोनाच्या साथीला आतां कांहीं वर्षें लोटलीं आहेत. घरोघरच्या जखमा भरून आल्या असें नव्हे. पण शांतपणें मागें वळून पाहण्याइतकें अंतर पडलें आहे. म्हणून मुंबईच्या एका जुन्या इस्पितळाच्या आधारें आम्ही एक प्रश्न वाचकांपुढें ठेवीत आहों : साथीच्या दिवसांत इस्पितळ टिकतें तें कशाच्या बळावर ?

सात रस्त्याजवळ, आर्थर रोडच्या तुरुंगापासून थोड्याच अंतरावर, मुंबई महानगरपालिकेचें सांसर्गिक रोगांचें इस्पितळ आहे. आज त्यास कस्तुरबा रुग्णालय म्हणतात व त्या रस्त्यास साने गुरुजी मार्ग. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र सारें शहर त्यास आर्थर रोडचें इस्पितळ या नांवानेंच ओळखीत असे, आणि तें नांव घेतांना गिरणगांवांतील माणसाचा स्वर खालीं येत असे. याचें कारण समजण्यासाठीं १८९६ सालाकडे जावें लागतें.

त्या वर्षीं सप्टेंबर महिन्यांत मांडवी भागांत डॉ. आकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनीं ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजे प्लेगचे, पहिले रोगी ओळखले. ऑक्टोबरच्या आरंभींच पालिकेनें हुकूम काढला कीं, रोग्यास घरांतून उचलून इस्पितळांत नेण्याचा अधिकार अधिकाऱ्यांस आहे. घरच्यांची संमति लागत नाहीं. आर्थर रोडचें इस्पितळ डॉ. नसरवानजी होरमसजी चोक्सी यांच्या देखरेखीखालीं होतें. तेथें येणारा रोगी बहुधा शेवटच्या घटकेस येई, कारण घरचे त्यास होईल तितके दिवस लपवून ठेवीत; आणि शेवटच्या घटकेस आल्यामुळें तो दगावे. मग चाळींतून बोलणें होई कीं, आंत गेलेला परत येत नाहीं. अशा रीतीनें भीतीमुळें मृत्यु वाढत होते आणि मृत्यूंमुळें भीति वाढत होती. इस्पितळांत प्रेतांतून मोमिआई काढतात अशीहि वदंता उठली होती. ऑक्टोबरच्या अखेरीस एका गिरणीकामगार स्त्रीस तेथें नेल्याच्या निमित्तानें हजाराच्या घरांत कामगार चालून गेले आणि त्यांनीं इस्पितळावर हल्ला केला.

यानंतर पालिकेनें तो हुकूम सैल केला. कमिशनर स्नो यांस त्याहून मोठी एक भीति पडली होती : शहराची घाण वाहून नेणारे सफाई कामगार धास्तीनें गांव सोडून गेले, तर मुंबई राहण्यालायकच उरणार नाहीं. ज्या वर्गास शहरानें कधीं मानानें वागविलें नाहीं, त्याच्यावांचून शहर चालत नाहीं, ही जाणीव साथीनें अशी करून दिली. पुढें ठिकठिकाणीं निरनिराळ्या जातींनीं व समाजांनीं आपापलीं प्लेगचीं इस्पितळें उभारलीं. तेथें पाणी देणारा, प्रेत उचलणारा माणूस ओळखीचा असे, आणि जेथें नातलगांस जवळ बसतां येई, तेथें लोक रोग्यास आपण होऊन आणूं लागले. पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनीं चालविलेल्या दवाखान्याची हकीकत सर्वश्रुत आहे. मुंढव्याहून एका आजारी मुलास पाठीवर घेऊन सावित्रीबाई तेथें आल्या, आणि १० मार्च १८९७ रोजीं त्याच रोगानें त्यांचा अंत झाला. त्याच पुण्यांत सोल्जरांकडून घरझडत्या घेणारे रँडसाहेब काय संपादून गेले, हें सांगावयास नको.

येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत घेण्यासारखी आहे. ग्रंथिक प्लेग उंदरांच्या पिसवांमुळें पसरतो, हें १८९६ सालीं कोणास ठाऊक नव्हतें. त्यामुळें माणसास माणसापासून तोडण्यासाठीं जी सक्ति झाली, तिचा साथ आवरण्यास फारसा उपयोग नव्हता. विश्वास मात्र गमावला गेला. करोनाची गोष्ट उलट होती. तो माणसाच्या श्वासांतूनच पसरत असल्यामुळें रोग्यास वेगळें ठेवणें खरोखरीच आवश्यक होतें. म्हणजे जुन्या काळीं जी कठोरता बहुतेक व्यर्थ ठरली, तीच आतां शास्त्रानें मागितली. तिचें ओझें इस्पितळानें कसें वाहिलें हा आमचा खरा विषय.

२०२० च्या जानेवारींत चीनहून परतलेल्या प्रवाशांस देखरेखीखालीं ठेवण्यास मुंबईंत जागा शोधावी लागली नाहीं. कस्तुरबांत वेगळा कक्ष होता, आणि सांसर्गिक रोग्यापाशीं कसें वागावें हें जाणणाऱ्या परिचारिका होत्या. महाराष्ट्रांतील पहिले रोगी ९ मार्चला पुण्यांत आढळले व ते नायडू इस्पितळांत गेले. मुंबईंतील पहिले ११ मार्चला. आरंभीं मुंबईची नमुना-तपासणीहि कस्तुरबांतच होत असे. परंतु रोग्यांची संख्या वाढली तसें हें एकटें इस्पितळ पुरें पडेना, आणि केईएम, नायर, शीव यांसारख्या पालिकेच्या मोठ्या इस्पितळांस तीच रीत अंगीं बाणवावी लागली.

ही रीत म्हणजे काय ? सामान्य दिवसांत इस्पितळांत वाटा मोकळ्या असतात. डॉक्टर एका वॉर्डांतून दुसऱ्यांत जातो, नातलग डबा घेऊन येतात, चहावाला फिरतो. साथींत या सर्व वाटा तोडून इमारतीचे दोन देश करावे लागतात : एक रोग्यांचा, एक निरोग्यांचा, आणि मध्यें अंगावरचा संरक्षक पोशाख चढविण्याची व उतरविण्याची निरनिराळी खोली. पोशाख उतरवितांना क्रम चुकला तर धोका अधिक, म्हणून तेथें बरोबर दुसरें माणूस उभें राहून सांगे. मे महिन्याच्या उकाड्यांत तो पोशाख घालून परिचारिकेनें सहा सहा तास पाणी न पितां काढावे. कारण पाणी प्यावयाचें तर पोशाख टाकावा लागे, आणि पोशाख मोजके होते. मुखवट्यांतून चेहरा ओळखूं येत नसे म्हणून डॉक्टर आपलें नांव छातीवर ठळक लिहीत. आणि हीं सर्व माणसें येत कोठून ? विरार, बदलापूर, पनवेल येथून. मार्चअखेर लोकल बंद झाली, ती अत्यावश्यक सेवेंतल्या माणसांसाठीं १५ जूनपर्यंत सुरू झाली नाहीं. तोंपर्यंत बेस्टच्या व एस. टी. च्या गाड्यांनीं तासनतास प्रवास करून वॉर्डबॉय, आया आणि सफाई कामगार कामावर येत. १८९६ सालीं ज्यांच्या निघून जाण्याची भीति स्नोसाहेबांस वाटली, त्यांच्याच वारसांनीं यावेळीं शहर सोडलें नाहीं. २२ मार्चच्या संध्याकाळीं त्यांच्यासाठीं गॅलऱ्यांतून थाळ्या वाजल्या. आणि त्याच सुमारास कित्येकांस राहत्या इमारतींत शिरतांना शेजाऱ्यांचे बोलहि ऐकावे लागले. दोन्ही गोष्टी इतिहासांत एकाच पानावर लिहिल्या पाहिजेत.

उपचारांविषयीं थोडक्यांत सांगावयाचें तर, पहिल्या महिन्यांत औषधापेक्षां शुश्रूषेचाच आधार अधिक होता. रोग्यास पालथें निजविणें, ऑक्सिजन देणें, वाट पाहणें. जून २०२० मध्यें इंग्लंडांतील एका मोठ्या चाचणीनें दाखविलें कीं, डेक्सामेथासोन हें जुनें आणि स्वस्त औषध ऑक्सिजनवर असलेल्या रोग्यांचे मृत्यु कमी करतें. त्यामानानें महागड्या इंजेक्शनांमागें झालेली धांवाधांव आठवली म्हणजे खेद होतो.

ऑक्सिजनचा हिशेब मात्र विस्तारानें सांगण्यासारखा आहे, कारण इस्पितळाचें जीवन त्यावर लटकलें होतें. मोठ्या सिलिंडरांत सुमारें ७,००० लीटर वायु मावतो. साध्या मुखवट्यानें मिनिटास १५ लीटर घेणाऱ्या रोग्यास तो आठ तासहि पुरत नाहीं. नाकावाटे मिनिटास ६० लीटरपर्यंत वायु सोडणारें यंत्र पूर्ण वेगानें चालविलें तर दोन तासांच्या आंत संपतो. म्हणून मोठीं इस्पितळें द्रवरूप ऑक्सिजनची टांकी बसवितात. उणे १८३ अंशांवर ठेवलेल्या एक लीटर द्रवापासून आठशेंहून अधिक लीटर वायु होतो. परंतु टांकी भरलेली असूनहि भागत नाहीं. भिंतींतून गेलेल्या नळ्या जुन्या दिवसांच्या गरजेपुरत्या असतात, आणि सर्व खाटा एकदम वायु ओढूं लागल्या म्हणजे रांगेंतील शेवटच्या खाटेपाशीं दाब उतरतो. म्हणून कोणत्या वॉर्डांत किती रोगी ऑक्सिजनवर ठेवावयाचे हें डॉक्टरांइतकेंच नळ्या पाहणाऱ्या मिस्त्रीसहि विचारावें लागे.

या हिशेबाची कसोटी २०२१ च्या एप्रिलांत लागली. ४ एप्रिलला एका दिवसांत मुंबईंत ११,१६३ नवे रोगी नोंदले गेले. १६ तारखेच्या रात्रीं पालिकेच्या सहा इस्पितळांत ऑक्सिजन पुरणार नाहीं असें दिसतांच, संपण्याची वाट न पाहतां, १६८ रोगी रात्रींतून दुसरीकडे हलविण्यांत आले आणि त्यांत कोणी दगावलें नाहीं. याउलट पांचच दिवसांनीं नाशिकच्या झाकीर हुसेन इस्पितळांत टांकीस गळती लागून ऑक्सिजनचा पुरवठा खंडित झाला, आणि बाविसांहून अधिक रोगी प्राणास मुकले. एकीकडे वेळेवर केलेला हिशेब, दुसरीकडे एका झडपेचा बिघाड. दोहोंमधलें अंतर एवढेंच होतें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. इस्पितळाचें दार. १८९६ सालीं लोक त्या दारांतून आंत जावयास भीत होते. २०२१ सालीं त्याच शहरांत लोक दारापाशीं खाटेसाठीं हात जोडून उभे होते. सव्वाशें वर्षांत इस्पितळानें एवढा विश्वास कमावला ही लहान गोष्ट नव्हे. परंतु आंत गेलेल्याचें काय होतें ही जुनी धास्ती मेली नव्हती, निजली होती. नातलगांस आंत मज्जाव होताच ती जागी झाली. पहिल्या महिन्यांत फोन लागत नसे, लागला तर रोगी कोणत्या वॉर्डांत आहे हें सांगणारें कोणी नसे. मे २०२० मध्यें पालिकेच्या एका मोठ्या इस्पितळांत रोग्यांच्या शेजारीं प्रेतें पडून असल्याचें चित्र घरोघरीं पोहोंचलें. त्याआधीं ३० मार्चला सर्व प्रेतांचें धर्म न पाहतां दहन करावें असा हुकूम निघाला आणि त्याच दिवशीं परत घेतला गेला. दफन करणाऱ्या समाजांच्या मनांत त्या थोड्या तासांत काय आलें असेल याची कल्पना १८९६ चा इतिहास वाचणाऱ्यास सहज येईल. ठिकठिकाणीं डॉक्टरांवर हल्ले झाले, आणि प्लेगसाठीं केलेल्या १८९७ च्याच कायद्यांत २२ एप्रिल २०२० रोजीं वटहुकुमानें दुरुस्ती करून त्यांस संरक्षण द्यावें लागलें.

कायद्यानें हात आवरतां येतात, मन वळवितां येत नाहीं. मन वळलें तें दुसऱ्या उपायांनीं. जून २०२० पासून शहराच्या २४ वॉर्डांत खाटा वाटून देणारीं केंद्रें निघालीं, आणि खाटेसाठीं दारोदार फिरण्याऐवजीं एका ठिकाणीं विचारतां येऊं लागलें. इस्पितळांत ठराविक वेळीं घरीं फोन करून प्रकृति कळविण्याची व्यवस्था झाली. परिचारिका आपल्या हातांतला मोबाईल रोग्यापुढें धरून मुलाबाळांचे चेहरे दाखवूं लागल्या. कित्येकांचें हें शेवटचें भेटणें ठरलें, आणि त्या भेटीस साक्षी होती ती मुखवट्यामागची एक अनोळखी बाई. घरच्यांच्या जागीं उभें राहण्याचें हें काम कोणत्याहि नेमणूकपत्रांत लिहिलेलें नव्हतें. आमच्या मतें साथींत इस्पितळें टिकलीं तीं यंत्रांइतकींच या न लिहिलेल्या कामावर टिकलीं. जेथें तें झालें तेथें मृत्यूनंतरहि नातलग कृतज्ञतेनें बोलतात. जेथें झालें नाहीं तेथें रोगी बरा होऊन आला तरी घरांत कडवटपणा उरला आहे.

कोणी म्हणेल, माणसें श्वासासाठीं तडफडत असतां निरोप पोहोंचविण्यास हात कोठून आणावयाचे ? आक्षेप खोटा नाहीं. मे २०२० मध्यें महाराष्ट्र सरकारास केरळाकडे ५० डॉक्टर आणि १०० परिचारिका मागाव्या लागल्या, इतकी माणसांची वाण होती. परंतु म्हणूनच हें काम आणीबाणीवर सोडतां कामा नये. वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर उभारलेलें हजार खाटांचें तात्पुरतें इस्पितळ साथ ओसरल्यावर मोडलें गेलें. तें योग्यच होतें. कस्तुरबांत मात्र काम थांबलें नाहीं. २०२२ च्या हिवाळ्यांत गोंवरानें आजारी मुलें तेथें आलीं, आणि वेगळा कक्ष पुन्हा उपयोगीं पडला. सांसर्गिक रोगांचें इस्पितळ वर्षानुवर्षें अर्धें रिकामें दिसलें म्हणजे हिशेबनिसास तो अपव्यय वाटतो. पण ती रिकामी खाट, ती शिकलेली परिचारिका, आणि दाराशीं उभ्या असलेल्या माणसास आंतली खरी बातमी सांगणारा एक नेमलेला मनुष्य, या तीन गोष्टी साथ नसतांनाच पोसून ठेवाव्या लागतात. पहिल्या दोहोंचा विचार थोडाबहुत होतो. तिसऱ्याचा अजून कोणत्याहि अंदाजपत्रकांत झालेला आमच्या पाहण्यांत नाहीं, आणि पुढच्या साथीपूर्वीं तो व्हावा एवढेंच आमचें मागणें आहे.