फेरीवाल्यांच्या आरोळ्या

फिरत्या विक्रेत्याने आपला माल किंवा कसब जाहीर करण्यासाठी सुरावर दिलेली हाक म्हणजे आरोळी. तिला हाळी, पुकारा असेही म्हणतात. दवंडीतले शब्द नीट कळावे लागतात; आरोळीतले कळले नाहीत तरी अडत नाही. अंतरावर व्यंजने विरतात, स्वर टिकतात. म्हणून ‘भाजी’तला ‘भा’ गल्लीच्या तोंडाशीच राहतो आणि घरात पोहोचतो तो ‘जीऽऽ’. शेवटचा स्वर बोलण्याच्या पट्टीहून वर धरायचा, दम पुरेल तेवढा ओढायचा आणि एकदम खाली सोडायचा किंवा वरच तोडायचा, अशी बऱ्याच आरोळ्यांची घडण असते. दोन-तीन सुरांत सारे आटोपते. तेवढ्यावरून माजघरातल्या बाईला भाजीवाली आली की कल्हईवाला, हे उमगते. दोन आरोळ्यांमधली शांतता हाही चालीचाच भाग. कुठे कडी वाजते, कोण ‘थांबा’ म्हणते, याचा कानोसा विक्रेता तेव्हाच घेतो.

धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातील दोंडाईचा हे मिरचीच्या व्यापारासाठी ओळखले जाणारे, उधना–जळगाव लोहमार्गावरचे गाव. अशा गावात आरोळीची भाषा जागेप्रमाणे बदलते. खान्देशी गल्लीत अहिराणी कानी पडते. तिच्यात ‘घ्या’चे ‘ल्या’ होते आणि गिऱ्हाइकाला ‘माय’ म्हणून साद घातली जाते. फलाटावरचा चहा मात्र हिंदीतच ‘गरम’ असतो. ऋतूही आरोळीतूनच समजतो. थंडीत भरताची वांगी, तर उन्हाळ्यात, घरोघरी वर्षाचे तिखट आणि पापड-कुरडया होत असताना, त्यांना लागणारा माल दारावर येतो. घाऊक व्यापार एके काळी याच्या अगदी उलट, मुका होता. हत्ता पद्धतीत रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरे आणि शेजारी उभ्या शेतकऱ्यालाही तो कळत नसे. बाजार समित्यांनी उघड लिलाव आणला तेव्हा तिथेही आवाज चढले.

प्रत्येक फेरीवाला गळ्यावर विसंबत नाही. कापूस पिंजणारा पिंजारी धनुकलीची तार छेडत जातो, कुल्फीवाला घंटी हलवतो. वासुदेवाच्या चिपळ्या आणि नंदीबैलवाल्याचा ढोल याच रस्त्यावर वाजतात, पण ते माल विकत नाहीत, मागतात. ऐकणाऱ्याच्या कानाने हा भेद फारसा पाळलेला नाही. सोळाव्या शतकात संत एकनाथांनी आपल्या भारुडांत वासुदेव, जोशी, गारुडी, गोंधळी अशांच्या तोंडी अध्यात्म घातले, ते लोकांच्या ओळखीच्या या आवाजांच्या भरवशावर. मथुरेच्या बाजारी दही-दूध विकायला निघालेली गवळण तर गौळणींत आणि पुढे तमाशातही ठाण मांडून बसली.

युरोपात आरोळ्यांना लिखित संगीतात लवकर जागा मिळाली. तेराव्या शतकातील एका फ्रेंच मोटेटमध्ये, म्हणजे अनेक आवाजांनी एकाच वेळी गायच्या रचनेत, ताज्या स्ट्रॉबेरी विकणाऱ्याची हाक खालच्या आवाजाला आधार म्हणून दिली आहे. क्लेमां जानकॅं याने १५३०च्या सुमारास पॅरिसच्या आरोळ्यांवर चार आवाजांची रचना केली. लंडनच्या ऑर्लंडो गिबन्सने (१५८३–१६२५) तंतुवाद्यांवर धर्मसंगीतातली जुनी धून चालू ठेवून तिच्यावर मासे, फळे विकणाऱ्यांच्या हाका रचल्या. शब्द कळत नसल्याची तक्रारही जुनीच आहे: १७११ मध्ये जोसेफ ॲडिसनने ‘स्पेक्टेटर’ या नियतकालिकात त्यावर थट्टेचा लेख लिहिला. क्यूबात आरोळीवरून बेतलेल्या गीताला ‘प्रेगोन’ म्हणतात. त्यातले मोइसेस सिमोन्सचे शेंगदाणेवाल्याचे गीत १९३० मध्ये न्यूयॉर्कला ध्वनिमुद्रित झाले आणि जगभर गाजले.

भारतात आरोळीची पकड साहित्यावर अधिक. आग्र्याच्या नजीर अकबराबादींनी (मृत्यू १८३०) काकडी, तिळाचे लाडू अशा बाजारी मालावर नज्मा लिहिल्या. त्यांच्यावरच बेतलेल्या हबीब तन्वीर यांच्या ‘आगरा बाजार’ (१९५४) नाटकात काकडीवाला आपला माल खपावा म्हणून कविता शोधत हिंडतो. भारतेंदु हरिश्चंद्रांच्या ‘अंधेर नगरी’त (१८८१) एक अख्खा प्रवेश विक्रेत्यांच्या आरोळ्यांनी भरलेला आहे. रवींद्रनाथांच्या ‘डाकघर’मधला आजारी अमल दहीवाल्याकडून दही नव्हे, त्याची चाल मागतो, आरोळीला याहून मोठी दाद क्वचितच मिळाली असेल. चित्रपटाने चणेवाला उचलला: ‘बंधन’ (१९४०) आणि ‘क्रांति’ (१९८१) या दोन्हींत ‘चना जोर गरम’ आहे.

आरोळीतला अलीकडचा मोठा बदल यंत्राने घडवला. हातगाडीवर बॅटरीचा भोंगा आला, विक्रेत्याने एकदा बोललेले वाक्य दिवसभर फिरू लागले. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा आवाजाला ५५ डेसिबलची मर्यादा आहे. भोंग्याने घसा वाचवला, पण मधली शांतता खाल्ली; शब्द स्पष्ट झाले आणि चाल सपाट झाली. पालिकेच्या घंटागाडीची तर घंटाच गेली. अनेक गावांत ती मध्य प्रदेशातील श्याम बैरागी यांचे कचऱ्याचे गाणे वाजवत येते. उलटा प्रवासही घडतो. बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातील शेंगदाणे विक्रेते भुवन बाद्यकर यांची ‘कच्चा बादाम’ ही आरोळी २०२२ च्या आरंभी मोबाइलवरून देशभर वाजली. मोडक्या वस्तूंच्या बदल्यात शेंगदाणे, असा तिचा मूळ व्यवहार होता. भोंगेवाल्या गाडीजवळ गिऱ्हाईक आले की विक्रेता आधी बटण दाबून भोंगा बंद करतो. भावाची घासाघीस अजून तोंडीच चालते.