डिस्क गेली म्हणण्याआधी

ऑगस्ट १९९१. ग्रँट रोड स्टेशनाच्या पूर्वेला उतरून तुम्ही लॅमिंग्टन रोडला लागलात, छत्री मिटलीत आणि अरुंद जिना चढून दुरुस्तीच्या खोलीत आलात. सोल्डरचा वास येतोय, टेबलफॅन घरघरतोय. टेबलावर झाकण काढलेला पीसी-एटी आहे. आत २८६ प्रोसेसर, १ एमबी मेमरी आणि विटेएवढी सीगेटची एसटी-२२५ हार्ड डिस्क. क्षमता २० एमबी. गिरगावातल्या एका सीएच्या कचेरीची सगळी लेजरं तिच्यात आहेत, आणि कचेरीतले वयस्कर कारकून स्टुलावर बसून तुमच्या तोंडाकडे बघतायत.

"आधी एकाने बघितलं, साहेब. म्हणाला, डिस्क गेली. फॉरमॅट मारावा लागेल."

"त्यानं मशीन उघडलं होतं का, काका?"

"हो, धूळ काढली. त्याच्याआधी चालू होतं. फक्त तारीख चुकीची दाखवायचं."

दोन्ही गोष्टी लक्षात ठेवा आणि स्विच दाबा.

आता पडद्याकडे पाहू नका, कान द्या. डिस्कची मोटर वेग घेते, आवाज चढत जाऊन एका सुरावर स्थिर होतो. म्हणजे तिला वीज पोचतेय आणि तबकड्या फिरतायत. मग पडद्यावर ओळ उमटते: 'एचडीडी कंट्रोलर फेल्युअर'. आधीच्याने इथेच हात टेकले असणार. पण या ओळीचा अर्थ डिस्क मेली असा होत नाही. कंट्रोलरकडून बायॉसला अपेक्षित उत्तर आलं नाही, एवढंच ती सांगते. दोष कार्डात असेल, स्लॉटात असेल, केबलमध्ये असेल किंवा खरोखर डिस्कमध्येही असेल.

१९९१ सालात वावरताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. या डिस्कला स्वतःची अक्कल फार थोडी आहे. हेड कुठल्या ट्रॅकवर न्यायचं, सेक्टर कुठे सुरू होतो, वाचलेल्या स्पंदनांतून बिट कसे वेगळे काढायचे, हे सगळं वेस्टर्न डिजिटलचं डब्ल्यूडी-१००३ कार्ड ठरवतं. दोघांमध्ये दोन पट्टी केबली आहेत. ३४ तारांची हुकूम नेते, २० तारांची डेटा. सीगेटने १९८० साली ५ एमबीच्या एसटी-५०६ डिस्कबरोबर ही मांडणी आणली, ती अजून चालू आहे.

डिस्कच्या तोंडावरचा दिवा बघा. तो लुकलुकत नाही, सतत पेटलेला आहे. ३४ तारांच्या केबलमधल्या सगळ्या विषम तारा ग्राउंडच्या असतात आणि सम तारांवरचे हुकूम व्होल्टेज खाली गेलं की लागू होतात. केबल उलटी बसली की हुकमाची प्रत्येक तार ग्राउंडला चिकटते. मग 'तुझी निवड झाली' हा हुकूम डिस्कला अखंड मिळत राहतो आणि दिवा विझत नाही. डिस्कच्या टोकाला खाच असते, तिथे चूक होत नाही. कार्डावरच्या पिनांना मात्र कसलाच अडसर नाही. मशीन बंद करून केबल काढा आणि तिची लाल कड पिन १ कडे येईल अशी बसवा. शेजारची फ्लॉपीची केबलही ३४ तारांचीच आहे. तिच्यातला पीळ वेगळ्या तारांवर असतो, म्हणून त्या दोघींची अदलाबदल करू नका.

कार्ड हाताशी आहे तर तेही उपसून घ्या. मुंबईच्या चार पावसाळ्यांनी त्याच्या सोनेरी पट्ट्या काळवंडल्या आहेत. शाळकरी खोडरबराने त्या हलक्या हाताने घासा, बुरा झटका आणि कार्ड स्लॉटात दाबून स्क्रू लावा.

पुन्हा स्विच. दिवा विझलेला. पण आता नवी तक्रार: 'सीमॉस चेकसम फेल्युअर'. कारकूनकाकांचा चेहरा पडतो. तुम्हाला मात्र चुकीची तारीख आठवते. बोर्डावर डाग देऊन बसवलेल्या ३.६ व्होल्टच्या निकेल-कॅडमियम बॅटरीच्या टोकांना हिरवट क्षार चढलाय. मल्टिमीटर २ व्होल्टही दाखवत नाही. मशीन बंद राहिलं तेवढ्यात सीमॉस सगळं विसरलं, आणि एटीला कुठली डिस्क जोडली आहे हे तिथेच नोंदलेलं असतं. बॅटरी कापून काढा, बोर्ड पुसा, बाहेरच्या बॅटरीसाठी ठेवलेल्या चार पिनांवर नवा संच जोडा. मग सेटअपमध्ये जाऊन टाइप २ निवडा. ६१५ सिलिंडर, ४ हेड, १७ सेक्टर. दर सेक्टरला ५१२ बाइट धरून गुणा: २ कोटी १४ लाख बाइट होतात. डिस्कशी आकडा जुळला.

त्याच सेटअपमध्ये 'हार्ड डिस्क युटिलिटी' आहे. तिच्यातला फॉरमॅट ट्रॅकवरच्या खुणाच नव्याने आखतो, आणि त्या खुणांबरोबर लेजरंही जातात. जुन्या एक्सटीवर हेच काम डीबगमध्ये 'जी=सी८००:५' टाइप केलं की होतं. एका ओळीत उरकतं, म्हणूनच हात शिवशिवतो. दुसऱ्या जातीचं कार्ड लावून बघण्यातही धोका आहे. खुणा ज्या पद्धतीने लिहिल्या, त्या पद्धतीचा कंट्रोलर नसेल तर धडधाकट डिस्कही कोरी वाटते. मग कोणीतरी ती फॉरमॅट करतं.

डॉस सुरू होतं. 'डीआयआर' टाका. नावं उमटू लागतात आणि मध्येच अडतात: 'सेक्टर नॉट फाउंड'. काका उठून उभे राहतात. त्यांना चहा सांगा आणि मशीन अर्धा तास नुसतं चालू ठेवा. एसटी-२२५ चं हेड स्टेपर मोटर हलवते. ते ट्रॅकच्या बरोबर मध्यावर आलं की नाही, हे तपासायची सोय तिच्यात नाही. धातू थंड असला, वर्षं उलटली किंवा आडवी फॉरमॅट केलेली डिस्क उभी ठेवली की हेड जुन्या खुणांपासून किंचित सरकतं. डिस्क तापली की बहुतेक वेळा ते पुन्हा जागेवर येतं.

चहा संपतो. 'डीआयआर' या वेळी शेवटपर्यंत जातं. आता दुरुस्तीचा मोह बाजूला ठेवून आधी बॅकअप घ्या. डिस्क भरलेली असेल तर १.२ एमबीच्या सुमारे १८ फ्लॉप्या लागतील. प्रत्येकीवर क्रमांक काकांनाच लिहायला सांगा. नंतर 'पार्क' चालवून हेड डेटापासून दूर न्या, कारण ही डिस्क ते आपणहून करत नाही आणि गिरगावपर्यंतचा रस्ता खड्ड्यांचा आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवा: टाइप २, बॅटरी बदलली, ऑगस्ट ९१.

"म्हणजे डिस्क चांगली होती?" काका पैसे मोजताना विचारतात.

"चांगली आहे. पण म्हातारी झालीय. नवी घ्या, आणि आयडीई घ्या. तिचा कंट्रोलर तिच्याच पोटात असतो."

ते जिना उतरत असतानाच एक तरुण एक्सटी खांद्यावर घेऊन वर येतो. पडद्यावर १७०१ येतं, डिस्क गेली, असं सांगतो. केबल कोणी काढली होती का, असं तुम्ही विचारता. नाही म्हणतो. बॅटरीचा प्रश्न येत नाही, एक्सटीमध्ये डिस्कची नोंद सीमॉसमध्ये नसतेच. तुम्ही स्विच दाबता आणि कान देता. या वेळी मोटरचा आवाजच येत नाही. तुम्ही मल्टिमीटर उचलता आणि डिस्कला १२ व्होल्ट पोचतायत का ते आधी बघता.