फर्निचरावरील लेपाचा इतिहास : चपड्यापासून पाण्याच्या पॉलिशपर्यंत

आपल्या ज्ञातीच्या वार्षिक अंकांतून कुलवृत्तांत, देवस्थानांची माहिती आणि गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव यांस दरवर्षी स्थान मिळते, व ते योग्यच आहे. परंतु ज्या हस्तकौशल्यावर आपल्या कित्येक पिढ्यांचा चरितार्थ चालला, त्याचा इतिहास मात्र क्वचितच लिहिला जातो. रंधा, पटाशी व करवत यांविषयी निदान तोंडी परंपरा तरी आहे. लाकूड घडून पुरे झाल्यावर त्यावर चढणाऱ्या लेपाविषयी तेवढीही नाही. ही उणीव अंशतः भरून काढावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या विषयास आज निकडीचे कारणही आहे. फर्निचराच्या कारखान्यांतून थिनरचे पॉलिश मागे पडून पाण्यात कालवलेले पॉलिश, ज्यास कारागीर 'वॉटर-बेस' म्हणतात, हळूहळू पुढे येत आहे. ते फवाऱ्याने मारताना कधी पृष्ठभाग खरखरीत होतो, कधी दुधी पडतो, कधी त्यावर खळगे उठतात. गिऱ्हाईक माल परत करते आणि मजुरी कापली जाते ती कारागिराची. मग "हे पॉलिशच वाईट" असे म्हणून तो पुन्हा थिनरकडे वळतो व त्याच्या वाफा छातीत भरून घेतो. दोष नेमका कशाचा, हे समजण्यास थोडे इतिहासात शिरले पाहिजे.

लाख आणि स्पिरिट

गावगाड्यातील बलुतेदार सुताराचा पॉलिशशी संबंध थोडाच होता. नांगर, तिफण, गाड्याची चाके ही कामे तेलाच्या हातापलीकडे काही मागत नसत. परंतु लाख आपल्या देशास फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. अथर्ववेदाच्या पाचव्या कांडात लाक्षेस उद्देशून एक सूक्त आहे, आणि महाभारतातील लाक्षागृहाची कथा तर सर्वश्रुतच आहे. पळस, बोर व कुसुम या वृक्षांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचा किडा राळेसारखा पदार्थ स्रवतो. तो खरवडून, धुऊन, वितळवून त्याचे पातळ पापुद्रे केले म्हणजे बाजारात मिळणारा चपडा तयार होतो. 1924 साली रांचीजवळ नामकूम येथे लाखेच्या संशोधनासाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली, यावरून या मालाचे महत्त्व ध्यानी येईल.

सावंतवाडी व कर्नाटकातील चन्नपट्टण येथील कारागीर लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते. या रीतीत ना स्पिरिट, ना पाणी. याउलट जुने पोथीलेखक लाख टाकणखारासह पाण्यात उकळून, तीत काजळ खलून, न पुसणारी शाई करीत. म्हणजे राळ पाण्यात मिसळण्याची युक्ती आपल्याकडे मुळीच नवी नव्हे.

लाख स्पिरिटमध्ये विरघळवून मलमलीत बांधलेल्या कापसाच्या बोळ्याने घासून चढविण्याची रीत, म्हणजे फ्रेंच पॉलिश, युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लोकप्रिय झाली. मुंबईत त्याच शतकात कोरीव शिसवी फर्निचराची मोठी पेठ उभी राहिली आणि इंग्रजी धाटणीच्या सामानाबरोबर हे पॉलिशही आपल्या कारागिरांच्या हाती आले. त्यास आरशासारखी चकाकी येई, पण एका मेजास कित्येक दिवस लागत, आणि सांडलेल्या गरम चहाने त्यावर पांढरा डाग पडे.

फवाऱ्याचा जन्म

गंमत अशी की, फवारायंत्राने प्रथम जे उडविले ते पाणीच होते. 1887 च्या सुमारास शिकागो शहरातील एका मोठ्या दुकानाच्या देखभालीचे काम पाहणारे जोसेफ बिंक्स यांनी तळघराच्या भिंतींस सफेदी देण्यासाठी हातपंपाचे यंत्र योजले. 1893 साली त्याच शहरात भरलेल्या जागतिक प्रदर्शनाच्या विस्तीर्ण इमारती फवाऱ्याने पांढऱ्या करण्यात आल्या. दुसरीकडे ओहायो प्रांतातील टोलेडो येथील डॉ. अॅलन डीव्हिल्बिस यांनी घशात औषध उडविण्याचे लहान उपकरण तयार केले होते. त्यांचे पुत्र टॉमस यांनी त्याच तत्त्वावर 1907 साली रंगाची 'गन' बनविली. वैद्याच्या पेटीतील वस्तू अशा रीतीने सुताराच्या कारखान्यात आली.

तिचा खरा प्रसार झाला तो नायट्रोसेल्युलोज लॅकरमुळे. 1923 साली ड्यूपाँ कंपनीने 'ड्यूको' नावाचे लॅकर मोटारींसाठी बाजारात आणले. पूर्वी एक मोटार रंगवून वाळण्यास कित्येक आठवडे लागत, ते काम आता फार थोड्या अवधीत होऊ लागले. फर्निचराच्या कारखानदारांनीही हे लॅकर लगोलग उचलले. ते इतक्या त्वरेने सुके की ब्रशाने नीट ओढता येत नसे. म्हणून गन अपरिहार्य ठरली.

थिनरच्या राज्यास उतरती कळा

या सोयीची किंमत मात्र जबर होती. थिनर पेट घेतो, आणि त्याच्या वाफेने डोके दुखते, भोवळ येते. 1970 च्या दशकात स्कॅन्डिनेव्हियातील डॉक्टरांनी रंगाऱ्यांच्या स्मरणशक्तीवर व मज्जासंस्थेवर होणाऱ्या दुष्परिणामांकडे लक्ष वेधले. परंतु कायदा प्रथम हलला तो कारागिरासाठी नव्हे, शहरांच्या हवेसाठी. लॉस एंजेलिस येथील विषारी धुके हे गाड्यांच्या व द्रावकांच्या वाफांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन बनते, असे हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने 1950 च्या सुमारास दाखविले. 1966 साली तेथे 'नियम 66' लागू होऊन अशा द्रावकांवर मर्यादा आली. 1970 साली अमेरिकेचा स्वच्छ हवेचा व्यापक कायदा झाला, आणि 1999 साली युरोपीय संघानेही द्रावकांविषयी निर्बंध घातले.

पर्याय हाताशी होताच. 1953 साली रोम अँड हास या कंपनीने घरांच्या रंगासाठी पाण्यातील अॅक्रिलिक राळ पुढे आणली. भिंतींचे रंग लवकरच पाण्यात आले, पण लाकूड मागे राहिले. भिंत पाणी पिऊन फुगत नाही, लाकूड फुगते. शिवाय फर्निचरावर पारदर्शक, कठीण आणि गुळगुळीत थर लागतो. 1937 साली जर्मनीत ऑटो बायर यांनी शोधलेले पॉलियुरेथेन पुढे पाण्यात कालविता येऊ लागले, तेव्हा हे काम साधू लागले.

पाण्याचा स्वभाव

दोषांची चिकित्सा करण्यापूर्वी तीन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत.

पहिली : पाण्याचा पृष्ठताण सेंटिमीटरला सुमारे 72 डाइन आहे, स्पिरिटचा सुमारे 22. म्हणून स्पिरिट कोठेही पसरते, आणि पाणी तेलकट जागेवरून आक्रसून बाजूस होते.

दुसरी : एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास स्पिरिटच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते. शिवाय हवा आधीच दमट असेल, तर पाण्याच्या वाफेस जागाच उरत नाही.

तिसरी, व सर्वांत महत्त्वाची : चपडा व लॅकर द्रवात विरघळलेले असतात. पाण्याच्या पॉलिशात राळेचे अतिसूक्ष्म कण नुसते तरंगत असतात, म्हणूनच ते डब्यात दुधासारखे दिसते. पाणी उडाले की कण जवळ येतात, एकमेकांत मिसळतात आणि थर पारदर्शक होतो. एकदा जुळलेले कण पाण्याने पुन्हा सुटत नाहीत. लॅकरवर थिनर उडविला तर जुना थर विरघळून दोष मिटतो. पाण्याच्या पॉलिशात ही दुरुस्ती चालत नाही. जुना कसबी कारागीरही येथे फसतो तो यामुळेच.

दोष, कारणे आणि उपाय

खरखरीतपणा : पाण्याने लाकडाचे तंतू फुगून उभे राहतात. हा पॉलिशचा दोष नव्हे, लाकडाचा धर्म आहे. प्रथम ओल्या फडक्याने लाकूड पुसून पूर्ण वाळू द्यावे व 220 नंबरच्या पॉलिशपेपरने हलके घासावे. पहिला हात वाळल्यावर 320 नंबरने घासावे. पुढील हात गुळगुळीत येतात.

माशाच्या डोळ्यासारखे खळगे : तेल, मेण वा सिलिकॉन यांचा अंश असला की पाणी तेथून मागे सरते. कॉम्प्रेसरचे तेल हवेतून येत नाही ना, हे कोऱ्या कागदावर नुसती हवा मारून पाहावे. जुन्या पॉलिश केलेल्या सामानावर हा दोष हटकून येतो. त्यावर मेण काढलेल्या चपड्याचा एक पातळ हात द्यावा. साध्या चपड्यात मेण असते व त्यावर पाण्याचे पॉलिश नीट धरत नाही, हे विसरू नये. तेलकट सागवानासही हाच उपाय लागू पडतो. नव्या युगाच्या पॉलिशास पायाला जुनी लाखच लागावी, हे आपल्या परंपरेस भूषणावह आहे.

संत्र्याच्या सालीसारखा पृष्ठभाग : पॉलिश घट्ट असले किंवा हवेचा जोर कमी पडला की थेंब मोठे पडतात व पसरण्यापूर्वीच घट्ट होतात. पॉलिश गाळून घ्यावे, उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेतच पाणी घालावे आणि गन लाकडापासून सहा ते आठ इंचांवर, सारख्या गतीने फिरवावी.

ओघळ : थर जाड पडल्याचे ते लक्षण. ओला थर एक दशांश मिलिमीटरच्या आसपास असावा. ओघळ ओला असताना पुसू नये. पूर्ण वाळल्यावर घासून काढावा.

बुडबुडे व सूक्ष्म छिद्रे : डबा हलवून घुसळल्याने फेस होतो. पॉलिश काठीने सावकाश ढवळावे व थोडा वेळ स्वस्थ ठेवावे. कडक उन्हाळ्यात वरची साय लवकर धरूनही बुडबुडे अडकतात.

काळे ठिपके : लाकडातील टॅनिन व लोखंड यांचा पाण्यात संयोग झाला की काळा रंग उत्पन्न होतो. हिरडा व हिराकस यांची जुनी शाई याच तत्त्वावर होत असे. म्हणून दोन हातांच्या मधे लोखंडी लोकर कदापि वापरू नये, आणि गनमधील मार्ग गंज न चढणाऱ्या पोलादाचा असावा.

दुधी झाक : हा पावसाळ्यातील दोष विशेष विचार करण्याजोगा आहे. फ्रेंच पॉलिश वा लॅकर पावसाळ्यात पांढरे पडे, कारण द्रावक झपाट्याने उडून पृष्ठभाग गार होई व हवेतील दव त्यावर जमे. त्यावर सावकाश उडणारा थिनर मिसळणे हा उपाय होता. पाण्याच्या पॉलिशातही झाक तशीच दिसते, पण कारण उलट असते. येथे बाहेरचे पाणी आत येत नाही, आतले पाणी बाहेर पडत नाही. तेव्हा उडणे मंद करणे हा उपाय नसून अपाय होय. थर पातळ द्यावेत, दोन हातांमधील अवधी वाढवावा आणि खोलीतील हवा वाहती ठेवावी. कॉम्प्रेसरच्या टाकीत साठलेले पाणी रोज काढावे. थंडीच्या दिवसांत हवा फार गार असल्यास कण एकमेकांत मिसळत नाहीत व थर भुसभुशीत होतो. त्यावेळी पॉलिश, लाकूड व खोली तिन्ही कोमट हवीत. वाळूनही न गेलेली झाक घासून काढल्यावाचून गत्यंतर नाही.

चिकटणे : हे पॉलिश तासाभरात हातास सुके लागते, परंतु पूर्ण कठीण होण्यास काही आठवडे लागतात. घाईने एकावर एक रचलेली फळकुटे चिकटतात, त्यात कारागिराचा हात वाईट नसतो. माल पोचविण्याची तारीख ठरविणाऱ्याने याचा विचार केला पाहिजे.

आणखी एक सूचना आवश्यक आहे. पाण्याचे म्हणून हे पॉलिश निरुपद्रवी समजू नये. फवाऱ्याचा सूक्ष्म तुषार फुप्फुसात जातोच, आणि दोन डब्यांच्या पॉलिशातील कठीणकारक द्रव्य दम्यास कारण होऊ शकते. योग्य मुखपट्टी लावल्याखेरीज गन हाती घेऊ नये.

समारोप

या सर्व इतिहासातून एक गोष्ट दिसून येते. बोळ्याकडून गनकडे आणि स्पिरिटकडून थिनरकडे जाताना प्रत्येक वेळी आपल्या कारागिरास नवा माल मिळाला, पण त्यामागील कारण त्यास कोणी सांगितले नाही. चुका करीत, स्वतःच्या मजुरीवर घाव सोसत तो शिकला, आणि जे शिकला ते त्याच्याबरोबरच गेले. पावसाळ्यात पॉलिश का पांढरे पडते हे ज्यांस पक्के ठाऊक होते, त्या वृद्धांपैकी बहुतेक आज आपल्यात नाहीत.

म्हणून आपल्या तरुण बंधूंस माझे सांगणे आहे की, प्रत्येक कारखान्यात एक साधी रोजवही ठेवावी. दिवस, हवेची उष्णता व दमटपणा, लाकडाची जात, पॉलिशात घातलेले पाणी, गनचे तोंड, हवेचा जोर, दोन हातांमधील अवधी आणि आलेला दोष एवढे तीत टिपावे. नवे काम घेण्यापूर्वी त्याच लाकडाच्या तुकड्यावर चाचणी करावी. दोष आला तर एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी. एकदम चार बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही. आणि ज्यांच्या घरी अद्याप जुने पॉलिशवाले वडीलधारे हयात आहेत, त्यांनी त्यांच्याजवळ बसून त्यांचे अनुभव लिहून घ्यावेत. अशा दहा वह्या जमल्या, तरी ज्ञातीच्या पुढील पिढीस ती मोठीच शिदोरी होईल. मजुरी कापली जाताना कारागिरास कारण सांगता यावे, एवढे जरी त्यातून साधले, तरी श्रम सार्थकी लागले असे मी मानीन.